लाल गोल, निळा चौकोन

मोनिका मॅडमनी मोबाईल उंच धरला. त्याचं कव्हर लाल होतं, हळदीकुंकवाच्या करंड्यातल्या कुंकवासारखं लाल.

"सांगा बरं, हा कोणता रंग?"

"निळा," सत्तावीस पोरं एका सुरात म्हणाली.

मॅडम हसल्या. पोरांनी प्रश्न नीट ऐकला नसेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मोबाईल पहिल्या रांगेतल्या निकिताच्या नाकापर्यंत नेला आणि पुन्हा विचारलं. निकितानं मान वर करून, आपल्याला येतंय याच्या आनंदात, एकटीनं सांगितलं, "निळा."

मग मॅडमनी खेळण्यांच्या टोपलीतून एक पिवळं झाकण उचललं. कसल्यातरी डब्याचं, वाटोळं. "आणि हा?"

"लाल."

सुरेखा फळ्याजवळ उभी होती. हातात दाखवायची काठी होती. दुसरं उत्तर आलं तेव्हाच तिला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे काठी पाठीमागं धरली. मॅडम आता पोरांकडं बघत नव्हत्या. त्या फळ्याकडं बघत होत्या. फळ्यावर काळी घोंगडी ताणून बसवलेली होती आणि तिच्यावर ओळीनं चिकटलेल्या आकृत्या होत्या. गोल सगळे लाल. त्रिकोण सगळे पिवळे. चौकोन सगळे निळे. चांदण्या सगळ्या हिरव्या.

"म्हणजे लाल म्हणजे काय, तर गोल," मॅडम सावकाश म्हणाल्या. "आठ महिने हे शिकलीत पोरं. हे तुकडे कुणी केलेत?"

मागच्या दाराशी रश्मी उभी होती, मदतनीस. खिचडीचा डाव तिच्या हातात तसाच होता.

"रश्मीनं कापलेत, मॅडम," सुरेखा म्हणाली.

हे खरं होतं. कातर रश्मीनंच चालवली होती. मॅडमनी दाराकडं पाहिलं.

"व्हय मॅडम," रश्मी म्हणाली. "मीच कापलेत."

आणि ती खिचडी उतरवायला आत गेली.

*

काष्टीपासून तीन किलोमीटरवर, कॅनॉलच्या पलीकडं माळवस्ती आहे. चाळीस-पन्नास उंबरे, ऊस, दोन डेअऱ्या आणि एक अंगणवाडी. सुरेखाला तिथं सेविका होऊन चोवीस वर्षं झाली होती. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं आता आपली पोरं आणून तिच्यापुढं बसवत. ती दहावी पास होती, अक्षर मोत्यासारखं होतं, रजिस्टरं कधी मागं पडली नव्हती. तालुक्यात कुणाला नमुना दाखवायचा असला की मोनिका मॅडम माळवस्तीचं नाव घेत. मोनिका मॅडम पर्यवेक्षिका, पंचवीसेक अंगणवाड्या त्यांच्याकडं.

गेल्या जूनमध्ये आदेश आला की प्रत्येक अंगणवाडीनं आकार आणि रंग शिकवायला फेल्टचा फळा करावा. सुरेखानं दौंडहून चार रंगांचे चार कागद आणले. कागद म्हणायचे, पण ते जाड मऊ कापडच. शिंप्यानं दिलेल्या फलालीनच्या तुकड्यावर ते टिकेनात, पंखा लावला की गळून पडायचे. तेव्हा रश्मीनं घरून वडिलांची घोंगडी आणली. रखमाजींना जाऊन तीन वर्षं झाली होती, घोंगडी पेटीत पडून होती. आकृत्यांच्या मागं खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा डकवला की त्या घोंगडीच्या लोकरीला अशा धरून बसत की निकितासारख्या पोरीला दोन्ही हातांनी ओढाव्या लागत.

आखणी सुरेखाची होती. गोलासाठी बांगडी, चौकोनासाठी काडेपेटी. चार कागद, चार आकार. एका कागदातून एकच आकार काढायचा, म्हणजे पोरांचा गोंधळ होणार नाही आणि फळा दिसायलाही नेटका दिसेल. रश्मीच्या घरी शिलाई मशीन होतं, हात सरळ चालायचा. तिनं खडूच्या रेघेवरून रेघभरही न हलता शंभर तुकडे कापले.

फळ्याचा फोटो ग्रुपवर गेला. मॅडमनी तो वरच्या ग्रुपवर टाकला. ऑगस्टच्या मासिक बैठकीत सुरेखानं उभं राहून फळा कसा करायचा ते सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अकरा जणींनी तो तसाच्या तसा करून घेतला. एका कागदातून एक आकार. सुरेखानंच तसं सांगितलं होतं.

चूक अशी की कुणाच्या नजरेत येऊ नये. माळवस्तीत घरी कुणी लाल म्हणत नाही, तांबडं म्हणतात. लाल हा शब्द पोरांना अंगणवाडीतच भेटला, आणि भेटला तेव्हा तो गोल होता.

चूक रश्मीच्या नजरेत आली, कारण ती पोरांना वाढायची. दिवाळीनंतर एकदा वजनाच्या दिवशी, आया वजनकाट्याभोवती उभ्या असताना, ती हळूच येऊन म्हणाली, "बाई, पोरं रंग बोलतच न्हाईत. आकार बोलत्यात. निकितानं आत्ता भाकरीला लाल म्हनलं."

सुरेखाच्या हातात रजिस्टर होतं. सात-आठ आया ऐकत होत्या. "भाकरी करपली आसंल," ती म्हणाली. आया हसल्या. "तू खिचडीचं बघ, शिकवायचं मी बघते."

रश्मी बारावी झालेली होती. ही गोष्ट सुरेखाला माहीत होती आणि त्या क्षणी ती तिच्या मनात नव्हती असं म्हणता येणार नाही.

डिसेंबरात रश्मी एक पिशवी घेऊन आली. उरलेल्या कातरणांतून तिनं घरी तुकडे कापले होते. लाल चौकोन, निळे गोल, पिवळ्या चांदण्या. कातरणं लहान म्हणून तुकडेही लहान होते, काही ठिकाणी दोन जोडून शिवलेले. सुरेखानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली की चांगला चाललेला फळा ह्या ठिगळांनी बिघडेल, मॅडमनी फोटो वर पाठवलाय. पिशवी कपाटावर गेली.

आणि फेब्रुवारीत मॅडम आल्या लाल मोबाईल घेऊन.

त्या नुसत्या तपासणीला आल्या नव्हत्या. शेजारच्या वस्तीवरची सेविका महिनाअखेर निवृत्त होणार होती. बारावी झालेल्या मदतनिसांतून एकीला ती जागा मिळणार होती, आणि मॅडमच्या बीटमध्ये, त्या पंचवीसेक अंगणवाड्यांत, अशा दोघीच होत्या. त्यांतल्या रश्मीचं काम बघायला मॅडम आल्या होत्या. हे सुरेखाला आदल्या दिवशी फोनवर सांगितलेलं होतं. म्हणजे "रश्मीनं कापलेत" हे वाक्य कुठं जाऊन पडणार, ते तिला बोलायच्या आधीच माहीत होतं.

शेरेबुकात मॅडमनी लिहिलं: शैक्षणिक साहित्य सदोष. मदतनीस यांना साहित्यनिर्मितीची समज नाही.

सुरेखानं खाली सही केली. नेहमीच्याच मोत्यासारख्या अक्षरात.

*

दुपारी पोरं गेल्यावर त्या दोघी एका ताटात जेवत. आठ वर्षांची रीत होती.

रश्मी पहिल्यांदा मदतनीस म्हणून आली तेव्हा चार घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. कुणी तोंडानं काही बोललं नाही. आमच्या पोराला खिचडी पचत नाही, एवढंच. रश्मी बौद्ध, रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीतली, आणि चारही घरांचं पोट एकाच आठवड्यात बिघडलं होतं. सुरेखानं वाद घातला नाही. आया पोरांना न्यायला येतात त्या वेळेला ती उंबऱ्यावर बसली, रश्मीला ताट वाढायला लावलं, तिला शेजारी बसवलं, आणि सगळ्यांच्या देखत त्याच ताटातून खाल्लं. दुसऱ्या दिवशीही. आठवड्यात डबे बंद झाले. माळवस्तीत ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना सुरेखाचं नाव आधी घेतात. सुरेखालाही ते ऐकायला आवडायचं.

मॅडम येऊन गेल्या त्या दिवशीही तिनं नेहमीसारखं ताट मांडलं. रश्मी भांडी घासत होती.

"ये की."

"तुमी घ्या बाई. मला उपास हाय."

वार मंगळवार होता. रश्मी उपास करत नाही, हे सुरेखाला आठ वर्षांपासून माहीत होतं. तिनं भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि उरलेलं कुत्र्याला टाकलं.

बुधवारीही उपास होता. बाकी काही बदललं नाही. रश्मी नऊ वाजता यायची, झाडून घ्यायची, पोरांचे हात धुवायची. "बाई, हळद संपली." "बाई, पार्थला ताप हाय, घरी धाडू का?" जेवढं कामाचं तेवढं. तिच्या आवाजात राग शोधून सुरेखा दमली. राग असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं.

संध्याकाळी गोठ्यात तिनं नवऱ्याला सांगितलं. रंगनाथ धार काढत होता. त्यानं मान न वळवता सगळं ऐकून घेतलं.

"मग खोटं काय बोललीस? कापलेत तर तिनंच."

"कापलेत तिनं. पन काय कापायचं ते..."

"त्ये मॅडमनी इचारलं का? न्हाई ना. इचारलं तेवढं सांगितलंस." बादली बाजूला ठेवत तो म्हणाला, "आन आठ वर्षं तिला सांभाळलंस, त्ये कुनी बघत न्हाई का?"

हेच सगळं सुरेखानं दोन दिवस स्वतःला सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते कसं दिसतं, ते तिला पहिल्यांदा दिसलं. विशेषतः 'सांभाळलंस'. हा शब्द तिनं मनात वापरला होता.

त्या जागेसाठीच्या नावांची यादी शुक्रवारी तालुक्याला जायची होती. गुरुवारी पोरं गाणं म्हणत असताना ती बाहेर लिंबाखाली गेली आणि मॅडमना फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला.

"बोला सुरेखाताई."

"मॅडम," सुरेखा म्हणाली, "ते वजनाची माहिती भरायची मुदत कधी हाय?"

"तीस तारीख. दर महिन्याची तीच असते की."

"फेब्रुवारीला तीस न्हाई, मॅडम. म्हनून इचारलं."

मॅडम हसल्या, म्हणाल्या अठ्ठावीस धरा, आणि फोन ठेवला. खोलीच्या दारात रश्मी पायपुसणं झटकत होती. तिनं काही ऐकलं असेल किंवा नसेल. सुरेखा मोबाईल हातात धरून लिंबाखाली उभी राहिली, कुणी बघितलं तर अजून बोलतेय असं वाटावं म्हणून.

शुक्रवार गेला.

*

सोमवारी काष्टीत मासिक बैठक होती. पंचवीस सेविका, सतरंजी, वर एक पंखा. मॅडम आधी आहाराचं बोलल्या, मग मोबाईलवरच्या नोंदींचं. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का.

सुरेखा उभी राहिली. ऑगस्टात ती याच भिंतीजवळ उभी राहिली होती.

"फळ्याचं सांगायचं होतं," ती म्हणाली. "माज्या फळ्यावर लाल म्हनजे गोल झालंय पोरांना. एका रंगाचा एकच आकार काढला, त्यानं झालं. ज्यांनी ज्यांनी माजं बघून केलंय, त्यांनी उद्या पोरांना लाल रंगाचं चौकोनी काहीतरी दाखवा. काय म्हनत्यात बघा."

दोघीतिघी हसल्या. मग ज्यांनी फळे केले होते त्या एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि हसू थांबलं.

"आन ती आखनी माजी हुती," सुरेखा पुढं म्हणाली. मागं कुजबुज सुरू झाली, तरी ती मॅडमकडंच बघत राहिली. "आमच्या मदतनीस, रश्मी, त्यांनी मला सांगितलं हुतं का चुकतंय म्हनून. मी ऐकलं न्हाई. वर त्या दिवशी त्यांच्यावर ढकललं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे आता सांगताय तुम्ही?"

सुरेखानं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"यादी शुक्रवारी गेली, ताई. दुसरीचं नाव गेलं. गुरुवारी तुमचा फोन आला होता मला."

गुरुवारी फोन आला होता, हे पंचवीस बायकांनी ऐकलं. कुणाला त्याचा अर्थ लागला नसेल. सुरेखाला आणि मॅडमना लागला, तेवढं पुरे होतं. पुढं जागा निघाली तर बघू, मॅडम म्हणाल्या, पण ते बघू कसलं असतं हे सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. शेरा आता खोडता येणार नाही. शेऱ्यावर काय केलं ते लिहायला पुढं अनुपालनाचा रकाना असतो, त्यात काय लिहायचं ते लिहा, असं त्या म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली की बोलायला छाती लागते. सुरेखानं तो हात बाजूला केला. तिच्याबद्दल पुन्हा एक गोष्ट तयार होत होती आणि त्या गोष्टीत पुन्हा तिचंच नाव आधी येणार होतं.

*

मंगळवारी पोरं गेल्यावर तिनं शेरेबुक काढलं. रकाना दोन बोटांचा होता. तिनं बारीक अक्षरात लिहिलं: आकार व रंगांची मांडणी मी ठरवली होती. मदतनीस यांनी फक्त माझ्या आखणीप्रमाणे तुकडे कापले. चूक त्यांनी दोन वेळा माझ्या लक्षात आणून दिली होती. मी दखल घेतली नाही.

मग ती वही घेऊन मागं गेली. रश्मी पातेलं पालथं घालत होती. सुरेखानं वही पुढं धरली. यादीचं तिनं सकाळीच सांगितलं होतं. रश्मीनं नुसतं "बरं" म्हटलं होतं आणि पार्थचं नाक पुसलं होतं.

रश्मीनं हात पदराला पुसले, वही घेतली आणि उजेडाला धरून वाचली. शेरा वाचला, मग त्याच्यापुढचा रकाना.

"दोन येळा न्हाई बाई," ती म्हणाली. "तीन येळा."

सुरेखाला आठवेना.

"मॅडम आल्या त्या दिवशी सकाळी. तुमी निकिताचे केस इंचरत हुता. मी म्हनलं, आज तरी ती पिशवी काढू का."

आता आठवलं. कंगवा हातात होता, रिबिनीची टोकं तोंडात धरलेली होती. मधी मधी करू नको, असं ती म्हणाली होती, रिबीन दातांतून न काढता.

सुरेखा उंबऱ्यावर बसली. 'दोन' खोडलं, वर 'तीन' लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. चोवीस वर्षांत शेरेबुकात तिच्या हातची ती पहिली खाडाखोड.

"त्या जागेचं," ती वहीकडं बघत म्हणाली, "मला गुरुवारी सांगता आलं असतं."

"व्हय," रश्मी म्हणाली. "मी दारातच हुते."

एवढंच. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

सुरेखानं आत जाऊन ताट मांडलं. हाक मारायची की नाही, ते ठरेना. तेवढ्यात रश्मीच आली. तिनं खुंटीवरची जेवणाची पिशवी काढली, भिंतीला टेकून बसली आणि आपला डबा उघडला. मेथी होती, भाकरी होती. आज उपास नव्हता. दोघींच्या मधे हातभर जागा होती. रश्मीनं भाकरी मोडली आणि खायला सुरुवात केली, आणि सुरेखानंही आपल्या ताटातून घास घेतला.

निकिता अजून घरी गेली नव्हती. तिची आई उसाच्या रानातून उशिरा यायची. कपाटावरची कातरणांची पिशवी सकाळीच खाली आली होती, आणि पोरगी तिच्यातले तुकडे जमिनीवर ओतून बसली होती. त्यातला एक घेऊन ती दोघींच्या समोर आली. लाल चौकोन, दोन कातरणं जोडून शिवलेला. कुणाला विचारावं म्हणून तिनं आधी एकीकडं पाहिलं, मग दुसरीकडं.

"त्यांना इचार," सुरेखा म्हणाली.

"ह्यो कंचा रंग?" रश्मीनंच तिला विचारलं.

"निळा," निकिता म्हणाली. मग तिनं तुकड्याकडं पुन्हा पाहिलं.

रश्मीनं डबा खाली ठेवला. उठून फळ्याजवळ गेली आणि वरच्या ओळीतला एक लाल गोल दोन बोटांनी सोलून काढला. आठ महिने तो तिथंच होता. लोकरीचे काही तंतू त्याच्याबरोबर आले. तिनं त्या जागी निकिताच्या हातातला चौकोन लावला आणि सोललेला गोल त्याच्या शेजारी दाबून बसवला.

"आता बघ," ती म्हणाली. "ह्या दोघांत सारकं काय हाय?"

निकिता बघत राहिली. तिला वेळ लागणार होता. चौकोन लहान होता. त्याच्या चारी बाजूंनी घोंगडीवर घासलेल्या लोकरीचा वाटोळा डाग तसाच दिसत होता. रश्मीनं तळहातानं तो दोनदा चोळून पाहिला. लोकर उठली नाही. मग ती मागं येऊन आपल्या डब्यापाशी बसली.